सहाशे मायक्रॉनची रेघ

पायॉन आणि म्यूऑन हे अणूहूनही लहान, अल्पायुषी कण. पायॉन थांबतो, मोडतो, आणि त्यातून निघालेला म्यूऑन फोटोग्राफीच्या इमल्शनमध्ये साधारण ६०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालून थांबतो. दर वेळी जवळजवळ तेवढंच अंतर, नखाच्या जाडीहून फार जास्त नाही. १९४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये ही रेघ पहिल्यांदा पुरती दिसली, तेव्हा काचेवरचा इमल्शनचा थर होता सुमारे ५० मायक्रॉनचा. बारा पट लांबीची रेघ त्यात मावायची तर म्यूऑनने काचेला जवळजवळ समांतरच निघायला हवं. जरा तिरका गेला की वरून हवेत तरी निसटला किंवा खालून काचेत तरी घुसला, आणि गोष्ट अर्धवट राहिली. त्या वर्षी ब्रिस्टलच्या गटाने पायॉनमधून म्यूऑन निघाल्याच्या ४० घटना जमवल्या. त्यांतल्या फक्त ११ घटनांत म्यूऑनचा शेवट थराच्या आत सापडला.

या रेघेचं नोबेल १९५० साली ब्रिस्टलच्या गटाचे प्रमुख सेसिल पॉवेल यांना, एकट्यांना मिळालं. योग्य माणसाला मिळालं, यात वाद नाही. पण मोठ्या पदार्थवैज्ञानिकांची चरित्रं आपण फळा, खडू आणि समीकरण यांच्या भोवती वाचतो, तिथे या रेघेची गोष्ट बसत नाही. इथे कुणाच्या नशिबात काय आलं हे बरंचसं जिलेटीनच्या थराची जाडी, त्यातल्या चांदीच्या क्षाराचं प्रमाण आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायला किती माणसं आहेत, यावर ठरलं. या धाग्यावर व्हिएन्ना, कोलकाता, ब्रिस्टल आणि मुंबई अशी चार गावं आहेत. त्यांतल्या दोन गावांतल्या दोन बायका पॉवेल यांच्या आधी याच वाटेवर होत्या.

आधी त्या थराबद्दल. फोटोग्राफीचं इमल्शन म्हणजे जिलेटीनमध्ये विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. विद्युतभारित कण त्यातून जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, आणि ज्या स्फटिकात पुरेशी ऊर्जा सांडते त्यात चांदीच्या थोड्या अणूंचं बीज तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरमध्ये घातल्यावर तेवढाच स्फटिक अख्खा काळ्या चांदीचा दाणा होतो आणि बाकीचे हायपो नावाच्या रसायनात विरघळून जातात. बेकरेल यांच्या १८९६ च्या प्लेटवर नुसता काळा डाग होता, कारण असंख्य किरण एकावर एक पडले होते. एकटा अल्फा कणसुद्धा दाणा काळा करू शकतो हे सुएकिची किनोशिता यांनी मँचेस्टरमध्ये १९१० साली दाखवलं, आणि लगेच पुढच्या वर्षी अल्फा कण प्लेटला घासून गेला तर दाण्यांची ओळ उमटते हेही दिसलं. अल्फा कणाचं सोपं असतं. तो जड, मंद, दुप्पट भाराचा. २०-२५ मायक्रॉनच्या वाटेवर एकही दाणा काळा केल्याशिवाय सोडत नाही. प्रोटॉन मात्र विरळ दाणे ठेवतो. मध्ये दोन-दोन, चार-चार मायक्रॉनची फट, आणि आजूबाजूला गॅमा किरणांनी व इलेक्ट्रॉनांनी उठवलेले सुटे दाणे. त्या पसाऱ्यातून ओळ कुठली आणि योगायोग कुठला, हे सांगणं म्हणजे रांगोळी फिसकटल्यावर मूळ ठिपके ओळखण्यासारखं.

मारिएटा ब्लाऊ या कामाला लागल्या त्या व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत, १९२३ नंतर. १८९४ चा जन्म, १९१९ साली डॉक्टरेट. मग बर्लिनमध्ये क्ष-किरण नळ्यांच्या कारखान्यात नोकरी, फ्रँकफर्टला वैद्यकीय भौतिकीच्या संस्थेत काम, आणि पुन्हा घरी. संस्थेत जागा मिळाली, पगार नाही. पंधरा वर्षं त्यांनी तिथे बिनपगारी काम केलं, घरच्या पैशावर आणि अधूनमधून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर. त्या वेळी ही संस्था केंब्रिजशी भांडत होती. अणुकेंद्र फुटून प्रोटॉन बाहेर पडतात तेव्हा ते किती, हा भांडणाचा विषय. दोन्हीकडे मोजणी चाले ती अंधाऱ्या खोलीत झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे ठिपके डोळ्यांनी मोजून. व्हिएन्नाचे आकडे केंब्रिजच्या आकड्यांपेक्षा पुष्कळ मोठे येत. १९२७ च्या डिसेंबरमध्ये केंब्रिजचे चॅडविक स्वतः व्हिएन्नाला गेले, मोजणाऱ्यांना काय अपेक्षित आहे ते न सांगता त्यांनी मोजायला बसवलं, आणि आकडे उतरले. चमक क्षणात विझते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासता येत नाही. प्लेट तपासता येते. म्हणून व्हिएन्नाच्या संस्थेतल्या हान्स पेटरसन यांनी ब्लाऊ यांना फोटोग्राफीचा मार्ग चाचपायला सांगितलं होतं. पोलोनियमचे अल्फा कण पॅराफिनवर सोडून त्यातून उडालेल्या प्रोटॉनांच्या ओळी त्यांनी १९२५ च्या सुमाराला पकडल्या.

पुढची दहा वर्षं मात्र चिवट, कंटाळवाण्या दुरुस्त्यांची. त्यांतली एक मला फार आवडते. गॅमा किरणांच्या पसाऱ्यातून प्रोटॉनची ओळ उठून दिसायची तर प्लेटची संवेदनशीलता वाढवायची, असं कुणालाही वाटेल. ब्लाऊ उलट्या वाटेने गेल्या. पिनाक्रिप्टॉल यलो हा रंग फोटोग्राफर प्लेट मंद करायला वापरत, म्हणजे ती थोड्या उजेडातही डेव्हलप करता यावी म्हणून. प्लेट आधी त्यात बुडवली की हलक्या धक्क्याने काळे होणारे दाणे गप्प बसतात आणि प्रोटॉनच्या वाटेतले दाणे तेवढे उठतात. हेर्टा वाम्बाखर ही त्यांची विद्यार्थिनी याच विषयावर काम करून १९३२ साली डॉक्टर झाली. त्याच वर्षी न्यूट्रॉनचा शोध लागला होता. न्यूट्रॉन स्वतः काहीच रेघ ओढत नाही, पण इमल्शनमधल्या हायड्रोजनला धडकून प्रोटॉन उडवतो, आणि त्या प्रोटॉनच्या रेघेच्या लांबीवरून न्यूट्रॉनची ऊर्जा काढता येते. प्लेटला आता खरं काम मिळालं.

अडचण एकच उरली. थर पातळ. लांब रेघा बाहेर निसटायच्या. ब्लाऊ यांनी इंग्लंडच्या इलफर्ड कंपनीकडे जाड थराच्या प्लेट मागितल्या. कंपनीने त्या करून दिल्या, सुमारे ७० मायक्रॉनच्या. १९३७ मध्ये इन्सब्रुकच्या डोक्यावर हाफेलेकारला, २,३०० मीटर उंचीवर, विक्टर हेस यांच्या विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) केंद्रात अशा प्लेटांची चळत ठेवली आणि काही महिन्यांनी खाली आणली. त्यात दिसलं ते कुणी आधी पाहिलं नव्हतं. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या अनेक रेघा. विश्वकिरणाने चांदीचं किंवा ब्रोमीनचं अणुकेंद्र फोडलं होतं आणि त्याचे तुकडे तिथेच, त्याच थरात आपापल्या वाटा ओढून थांबले होते. या आकृतीला ‘तारा’ म्हणू लागले. प्रयोगाचं लक्ष्य, नोंदवही आणि साक्षीदार सगळं एकाच जिलेटीनमध्ये. मेघपेटी, म्हणजे दमट हवेत कणाची वाट धुक्याच्या थेंबांनी दाखवणारी पेटी, एका प्रसरणात सेकंदाच्या लहानशा तुकड्यापुरती जागी असते. प्लेट महिनोन्‌महिने डोळा मिटत नाही, तिला वीज लागत नाही, देखरेख लागत नाही.

१९३७ साली दोघींना ऑस्ट्रियाचं लीबेन पारितोषिक मिळालं. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ब्लाऊ ज्यू होत्या. नॉर्वेच्या रसायनशास्त्रज्ञ एलेन ग्लेडिच यांच्या निमंत्रणावर त्या ऑस्लोला निघाल्या होत्या, त्या परत येऊ शकल्या नाहीत. वाम्बाखर १९३४ पासून नाझी पक्षाची सदस्य होती. काम तिच्याकडे आणि तिच्या सहकाऱ्यांकडे राहिलं, पुढच्या निबंधांतून ब्लाऊ यांचं नाव गळालं. आईनस्टाईन यांच्या शिफारशीने ब्लाऊ यांना मेक्सिको सिटीत शिकवायची जागा मिळाली. तिकडे जाताना हॅम्बुर्गला त्यांच्या सामानातली शास्त्रीय टिपणं काढून घेण्यात आली. नव्या गावात ना प्रयोगशाळा, ना चांगला सूक्ष्मदर्शक, आठवड्याचे तास भरून शिकवणी. चव्वेचाळिसाव्या वर्षी, हातातलं तंत्र नुकतंच पिकलेलं असताना.

त्याच सुमारास ते तंत्र कोलकात्यात उगवलं. जगदीशचंद्र बोस १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये वारले आणि पुढच्या वर्षी बोस संस्थेची धुरा त्यांचे भाचे देबेंद्र मोहन बोस यांच्याकडे आली. हा माणूस पहिल्या महायुद्धात बर्लिनमध्ये अडकला होता आणि अडकलेल्या वर्षांत मेघपेटी बांधून अणूंच्या वाटा टिपत बसला होता. म्हणजे रेघ वाचण्याची सवय जुनी. त्यांच्याबरोबर काम करू लागल्या बिभा चौधुरी, १९१३ चा जन्म, कोलकाता विद्यापीठातून १९३६ साली एम.एस्सी. झालेल्या, आपल्या तुकडीतल्या एकट्या मुलगी. विश्वकिरणांसाठी मोठी मेघपेटी, मोठं चुंबक हे सगळं खर्चाचं. प्लेट स्वस्त, आणि हिमालय जवळ. दार्जिलिंग सुमारे ७,००० फुटांवर, सांदाकफू १२,००० फुटांवर. काही प्लेट उघड्या हवेत, काही पाण्याखाली ठेवल्या, महिनोन्‌महिने.

त्यांना जे हवं होतं ते ताऱ्यांपेक्षा अवघड होतं. १९३७ च्या सुमाराला मेघपेट्यांत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वजनाचा एक कण दिसला होता. त्याला मेसोट्रॉन म्हणत. (या नावातला ‘ट्र’ ग्रीक मूळ शब्दात नाहीच, तेव्हा नुसतं मेसॉन म्हणा, असं १९३९ साली सुचवणाऱ्यांत होमी भाभा होते. नाव टिकलं.) प्लेटवर या कणाचं वस्तुमान काढायचं कसं? मेघपेटीत चुंबकीय क्षेत्र लावून रेघेचा बाक मोजतात. इमल्शन हवेपेक्षा सुमारे दोन हजार पट अडवणूक करतं, कण पावलागणिक अणुकेंद्रांवर आपटून इतका हेलकावतो की साध्या चुंबकाने दिलेला बाक त्यात हरवून जातो. बोस आणि चौधुरी यांनी त्या हेलकाव्यालाच मोजमाप केलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर सायकल डुगडुगते, मालट्रक डुगडुगत नाही. तसंच प्रोटॉनची रेघ सरळ आणि मेसॉनची नागमोडी. हेलकाव्यावरून संवेगाचा अंदाज, दाण्यांच्या दाटीवरून वेगाचा. दोन्ही हातात आले की वस्तुमान काढता येतं. १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये त्यांची टिपणं आली. शेवटच्यात मेसोट्रॉनचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट, असं होतं.

आज माहीत असलेले आकडे, इलेक्ट्रॉनच्या पटीत: म्यूऑन, म्हणजे तोच मेसोट्रॉन, २०७, पायॉन २७३. हे वाचून मन लगेच म्हणतं, अरे, हाताशी आलं होतं! तसं म्हणायचा मोह टाळावा, कारण प्लेटने त्यांना कुठे अडवलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांच्याकडे होत्या इलफर्डच्या हाफटोन प्लेट, म्हणजे छापखान्यात चित्रांचे ब्लॉक करायला वापरतात त्या जातीच्या. सिल्व्हर ब्रोमाइड कमी, थर पातळ. कण अगदी मंदावतो त्या शेवटच्या टप्प्यातच दाणे उठतात, वेगवान भाग दिसतच नाही. म्हणजे मोजायला मिळणारी रेघ आखूड. हेलकावे थोडे असतील तर सरासरीत मोठी चूक राहते, आणि दाणे थोडे असतील तर त्यांची दाटीही ठोकताळ्यानेच.

त्याहून वाईट म्हणजे पुसट होणं. अदृश्य बीज कायमचं नसतं. उष्णतेत, दमट हवेत, ऑक्सिजनच्या संगतीत चांदीचे ते थोडे अणू पुन्हा विरून जातात. चार-पाच महिने ठेवलेल्या प्लेटवर पहिल्या आठवड्यातली रेघ आणि शेवटच्या आठवड्यातली रेघ शेजारी शेजारी असतात. पहिलीतले दाणे गळलेले, दुसरीतले शाबूत, आणि कुठली कधीची हे सांगायला प्लेटकडे घड्याळ नाही. दाणे गळले की कण आहे त्याहून वेगवान वाटतो, वेगवान वाटला की हिशेबात वस्तुमान कमी येतं. शिवाय प्लेट कारखान्यातून निघाल्या क्षणापासून रेघा गोळा करत असते. बोटीच्या तळात, गोदामात, आगगाडीत. युद्धाच्या काळात जास्त संवेदनशील प्लेट कोलकात्याला मिळेनात. ज्या वाटेवर ते दोघं होते ती बरोबर होती, वाहन नव्हतं. प्लेटवर प्रोटॉन आणि मेसॉन यांच्या रेघा वेगळ्या ओळखता येतात हे बोस-चौधुरींनी आधीच दाखवलं होतं, याची नोंद पॉवेल यांनी पुढे स्वतःच्या ग्रंथात केली. ही नोंद सज्जनपणाची आहे. नोबेलच्या यादीत मात्र नोंदींना जागा नसते.

ब्रिस्टलला हे तंत्र पोचलं तेही ब्लाऊ यांच्याकडूनच, पण माणूस न येता. जर्मनीतून आलेले वाल्टर हाइटलर यांनी पॉवेल यांना १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या प्लेटांबद्दल सांगितलं. पॉवेल तेव्हा मोठा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, उभारण्यात गुंतले होते आणि मेघपेटीने कण टिपायच्या बेतात होते. हाफटोन प्लेट आल्प्समध्ये युंगफ्राउयोखला ठेवून पाहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की ही पन्नास मायक्रॉनची साय त्या सगळ्या यंत्रसामग्रीला पुरून उरते. युद्धानंतर इटलीचे जुझेप्पे ओकियालिनी आले. त्यांनी आणि पॉवेल यांनी इलफर्डच्या मागे लागून जिलेटीनच्या तुलनेत सिल्व्हर ब्रोमाइडचं प्रमाण कैक पटींनी वाढवून घेतलं. साध्या प्लेटमध्ये वजनाने निम्म्याच्या आसपास असलेला क्षार नव्या इमल्शनमध्ये ८० टक्क्यांच्या वर गेला, स्फटिक एकसारखे आणि मायक्रॉनच्या पाव-एक भागाएवढे. दाण्यांमधली फट भरली. कागदावरची तुटक रेघ शाईची झाली म्हणा ना. कोलकात्यात नेमकं हेच हवं होतं.

नशीबही होतं. ब्राझीलहून आलेले तरुण सेझार लात्तेस यांना न्यूट्रॉन मोजायला इमल्शनमध्ये बोरॉन हवा होता, म्हणून काही प्लेटांत बोरॅक्स घातलं. ओकियालिनी १९४६ मध्ये साध्या आणि बोरॅक्सच्या अशा दोन्ही प्लेट पिरेनीज पर्वतातल्या पिक द्यू मिदीला, २,८०० मीटरवर घेऊन गेले. परत आल्यावर दिसलं की बोरॅक्सच्या प्लेटांतल्या रेघा कमी पुसट झाल्यात. न्यूट्रॉनसाठी घातलेल्या क्षाराने बीजं राखली. पुढे लात्तेस स्वतः बोलिव्हियात चाकाल्तायाला, सुमारे ५,५०० मीटरवर प्लेट घेऊन गेले, कारण जितकं वर जावं तितके मंद मेसॉन झपाट्याने वाढतात.

प्लेट डेव्हलप झाल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते पदार्थवैज्ञानिकांनी केलं नाही. पॉवेल यांनी भौतिकी न शिकलेल्या मुलींना आणि बायकांना सूक्ष्मदर्शकावर बसवलं. तेलात बुडवलेली ४५ ते १०० पटींची भिंगं, दहा पटींची नेत्रिका. दृष्टिक्षेत्र इतकं लहान की एक चौरस सेंटिमीटर बघायला शेकडो वेळा प्लेट सरकवायची, आणि दर ठिकाणी फोकसचं चाक फिरवत थराच्या वरून तळापर्यंत उतरायचं, कारण स्पष्ट दिसतो तो एकेका मायक्रॉनचा पापुद्रा. रेघ एका फोकसमध्ये सुरू होते, चाक फिरवलं की पुढे सरकते, आणि नजर सुटली की गेली. काही तासांवर हे काम कुणाला झेपत नाही. मग डोळा रेघ नसलेल्या जागी रेघ बघायला लागतो. पायॉन मोडून म्यूऑन निघाल्याची पहिली जागा मारिएटा कुर्त्झ यांना सापडली. तिथे म्यूऑन थरातून निसटला होता. दुसरी, शेवटापर्यंत पुरी, आयरिन रॉबर्ट्स यांना. ब्रिस्टलच्या निबंधांत चित्राखाली ‘निरीक्षण’ म्हणून त्या त्या बाईंचं नाव छापलेलं असे. लेखकांच्या यादीत नव्हे, चित्राखाली. हा उदारपणा मानावा की कंजुषी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इतर प्रयोगशाळांत तेवढंही नव्हतं, हे मात्र खरं.

पन्नास मायक्रॉनवर कुणाचं समाधान होणार नव्हतं. पण जाड थर डेव्हलप करणं म्हणजे वेगळंच शास्त्र. रसायन थरात झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ५० चे ६०० मायक्रॉन केले की बारा पट नाही, १४४ पट. साध्या पद्धतीने केलं तर डेव्हलपर तळाला पोचेपर्यंत वरचा भाग काळा कुट्ट होतो. ओकियालिनी, कॉन्स्टन्स डिलवर्थ आणि रॉन पेन यांनी १९४८ मध्ये यावर काढलेला तोडगा कुठल्याही सुगरणीला पटेल. मुरवायचं गारठ्यात, शिजवायचं नंतर. प्लेट आधी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवायची. मग ५ अंश सेल्सिअसवर गार केलेल्या डेव्हलपरमध्ये काही तास. थंडीत डेव्हलपर काम करत नाही, नुसता झिरपतो. तळापर्यंत सगळीकडे सारखा भरला की प्लेट बाहेर काढून पृष्ठभाग पुसायचा आणि ती कोरडीच २० ते २५ अंशांना तापवायची. वरपासून खालपर्यंत सगळा थर एकदम, सारखा डेव्हलप होतो. मग पुन्हा गारठा आणि सौम्य अॅसेटिक आम्ल, काम थांबवायला.

डेव्हलपर अॅमिडॉलचा. कारण बहुतेक डेव्हलपरांना अल्कली लागते, अल्कलीत जिलेटीन फुगतं, आणि फुगलेला जाड थर काचेवरून सुटतो. अॅमिडॉल अल्कलीविना चालतो. पुढे ब्रुसेल्समध्ये बसवलेल्या कृतीत एक लिटरला सुमारे साडेचार ग्रॅम अॅमिडॉल, १८ ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि ३५ ग्रॅम बोरिक आम्ल. तो हवेत पटकन बिघडतो, दर वेळी ताजा करावा लागतो, आणि नखं काळी करतो ती आठवडाभर जात नाहीत.

यानंतर हायपो. इथे घाई केली की सगळं वाया. ६०० मायक्रॉनचा थर साफ व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात, तेही गारठ्यात. धुताना एकदम साधं पाणी घातलं की आतलं दाट हायपो आणि बाहेरचं पाणी यांच्या ओढीने थर असमान फुगतो, आणि काचेला चिकटलेला तळ तसाच राहून वरचा भाग सरकतो. सरळ रेघ ‘सी’सारखी वाकते. मग मोजणारा त्या बाकाला हेलकावा समजतो आणि प्रोटॉनचा मेसॉन करतो. म्हणून हायपो थेंबाथेंबाने पातळ करत न्यायचं. शेवटी ग्लिसरीन आणि अल्कोहोलमधून काढून सावकाश वाळवायचं.

हे सगळं नीट जमलं तरी एक गोष्ट बदलतेच. अर्ध्या आकारमानाएवढा सिल्व्हर ब्रोमाइड विरघळून गेलेला असतो, त्यामुळे थर जाडीत दबतो, साधारण २.३ ते २.५ पट. लांबी-रुंदी तीच राहते, कारण काच सरकू देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रेघ दहा मायक्रॉन उतरताना दिसली तर ती खरी २३ ते २५ मायक्रॉन उतरली होती. हा आकडा प्लेट आधी किती जाड होती ते मोजून ठेवल्याशिवाय काढता येत नाही, आणि वाळलेलं जिलेटीन हवेतल्या दमटपणाने पुन्हा थोडं फुगतं. म्हणजे सकाळी मोजलेला उतार आणि पाऊस पडून गेल्यावर मोजलेला उतार जुळेलच असं नाही. मोजणीच्या खोलीची आर्द्रता बांधून ठेवावी लागते.

मुंबईत हे काम करायचं म्हणजे काय, याची कल्पना इथल्या जूनमध्ये मीठदाणी हलवून पाहिलेल्या कुणालाही येईल. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४९ मध्ये पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यातून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली. त्याच वर्षी बिभा चौधुरी तिथे रुजू झाल्या, संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक. मधल्या काळात त्यांनी मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे विश्वकिरणांच्या झडींवर डॉक्टरेटचं काम केलं होतं. भाभांनी विश्वकिरणांचे अभ्यासक बर्नार्ड पीटर्स यांनाही बोलावलं, आणि १९५० च्या दशकात इथे इमल्शनचा मोठा गट उभा राहिला. देवेंद्र लाल आणि यशपाल त्यातलेच. डोंगरावर प्लेट नेण्याऐवजी आता फुग्यांनी आकाशात न्यायच्या. पण विषुववृत्ताजवळ सोळा-सतरा किलोमीटरवर हवा उणे ८० अंशांपर्यंत गार असते, युरोपवर असते त्याहून गार. पॉलिथिन तिथे ठिसूळ होऊन तडकतं. परदेशात व्यवस्थित उडणारे फुगे इथे फुटत, म्हणून त्यांचं तंत्र इथेच बसवावं लागलं. इमल्शनही काच सोडून आलं होतं. ६०० मायक्रॉनचे सुटे पापुद्रे एकावर एक रचून ठोकळा करायचा, आणि डेव्हलप करण्याआधी सगळ्यांवर क्ष-किरणांनी जुळणीच्या खुणा छापायच्या, म्हणजे एका पापुद्र्यातून निसटलेली रेघ खालच्यात शोधता येते. म्यूऑनची ६०० मायक्रॉनची धाव आता कुठल्याही दिशेला पुरी मावत होती.

चौधुरी टाटा संस्थेत १९५७ पर्यंत राहिल्या. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांत, मग पुन्हा कोलकात्यात. शेवटपर्यंत निबंध लिहीत होत्या, १९९१ साली गेल्या. देशातल्या मोठ्या विज्ञान अकादम्यांपैकी एकीनेही त्यांना फेलो केलं नाही. २०१९ मध्ये षडंश तारकासमूहातल्या एचडी ८६०८१ या ताऱ्याला आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने ‘बिभा’ हे नाव दिलं. डोळ्यांनी तो दिसत नाही, दुर्बीण लागते.

ब्लाऊ १९४४ मध्ये मेक्सिकोहून अमेरिकेत आल्या. आधी उद्योगांत, मग कोलंबिया विद्यापीठात, ब्रुकहेवनला, मायामीला. श्रोडिंगर यांनी १९५० च्या नोबेलसाठी त्यांचं आणि वाम्बाखर यांचं नाव सुचवलं होतं. त्याच वर्षी वाम्बाखर वारल्या आणि पारितोषिक ब्रिस्टलला गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आयुष्यभर रेडियम, पोलोनियम आणि क्ष-किरणांच्या सहवासाचा त्यात वाटा असावा. अमेरिकेत शस्त्रक्रिया परवडत नव्हती, म्हणून १९६० साली त्या व्हिएन्नाला परतल्या. शस्त्रक्रिया झाली. मग त्याच रेडियम संस्थेत पुन्हा जाऊ लागल्या, पुन्हा बिनपगारी. जिनिव्हाहून, सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या प्रयोगांतून कणांच्या वाटांची चित्रं तिथे येत, आणि ती वाचणाऱ्या तरुण मुलामुलींच्या गटाचं काम १९६४ पर्यंत त्या बघत होत्या.